आधी पंचांग, मग नकाशा: मॉर्मन स्थलांतरितांच्या वाटेबद्दल

विचारलंय ते थोडक्यात असं: पुढच्या वर्षी नेब्रास्काहून युटापर्यंत गाडीने जायचं आहे आणि जाता जाता एकोणिसाव्या शतकातल्या मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथाच्या लोकांची वाट बघायची आहे. ती वाट एकच होती का? ओरेगॉनला जाणारा मळलेला रस्ता असताना हे लोक नदीच्या दुसऱ्या काठाने का गेले? आणि माणसांनी हातगाड्या ओढत हजार मैल जाणं हा निव्वळ वेडेपणा नव्हता का?

माझा पेशा रस्त्यांच्या आखणीचा. आधी सह्याद्रीच्या घाटांत, आणि गेली सतरा वर्षं वायोमिंग-युटामध्ये. या वाटेचे बरेच तुकडे कामानिमित्त पायाखालून गेले, काही सुटीच्या दिवशी हौसेने. धर्माचं मला फारसं कळत नाही, तेव्हा त्यात शिरत नाही. चढ, पाणी, चारा आणि चाक एवढ्यापुरतं बोलतो.

नकाशावरची ती जाड रेघ आधी बाजूला ठेवा. कुठून गेले यापेक्षा कधी निघाले, हा या प्रवासातला खरा प्रश्न आहे. बैल गवतावर चालतो. प्लॅट नदीच्या खोऱ्यात बैलांना पोटभर गवत मिळायला एप्रिल संपावा लागतो, आणि वायोमिंगच्या उंचावर ऑक्टोबरात कधीही बर्फ पडू शकतं. मधले पाच महिने रस्ता उघडा. बैलगाडी तासाला दोन मैल चालते, दिवसाला दहा ते पंधरा मैल पडतात, रविवारी बहुधा मुक्काम. हिशेब तुम्हीच करा, हातात फार दिवस उरत नाहीत.

हा हिशेब चुकला की काय होतं ते सुरुवातीलाच दिसलं. जोसेफ स्मिथ या मॉर्मन संस्थापकाला जून १८४४ मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने मारलं. त्याआधी मिसूरी राज्यातून या लोकांना हाकललेलं होतंच; १८३८ मध्ये तिथल्या गव्हर्नरने तसा लेखी हुकूमच काढला होता. आता इलिनॉयमधलं त्यांचं नॉव्हू गावही सोडायची वेळ आली. मूळ बेत वसंतात गवत आल्यावर निघायचा होता, पण वातावरण तापलं आणि पहिल्या गाड्या ४ फेब्रुवारी १८४६ ला, ऐन थंडीत, मिसिसिपी ओलांडून आयोवात उतरल्या. पुढे बर्फ वितळलं, पाऊस लागला आणि आयोवाची काळी माती चिखल झाली. काळ्या रानात पावसाळ्यात गाडी घालून बघितलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. चाक तुंब्यापर्यंत रुतायचं, एका गाडीला दोन-तीन जोड्या लावून ती काढायची, मग तेच बैल परत आणून मागची गाडी काढायची. आयोवा ओलांडायचं अंतर सुमारे ३०० मैल. त्याला चार महिने लागले. पुढच्या वर्षी यांच्यातल्याच पहिल्या तुकडीने मिसूरी नदीपासून सॉल्ट लेकपर्यंतचे १,०३१ मैल १११ दिवसांत कापले. पेशातल्या माणसाला मी एवढे दोन आकडे सांगून थांबलो असतो.

आयोवात त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. गार्डन ग्रोव्ह आणि माउंट पिस्गा या दोन ठिकाणी पुढे गेलेल्यांनी जमीन नांगरून पेरली, आणि पीक मागून येणाऱ्यांनी काढायचं असं ठरलं. तरी १८४६ च्या त्या हंगामात पर्वत गाठणं हाताबाहेर गेलं. मिसूरीच्या पश्चिम काठावर, आजच्या ओमाहाच्या उत्तर भागात, ओमाहा या मूळ रहिवासी जमातीच्या जमिनीवर विंटर क्वार्टर्स नावाची वसाहत उभी राहिली. लाकडाच्या खोल्या, काही नुसत्या मातीच्या ढेकळांच्या. हिवाळाभर मका आणि खारवलेलं मांस, भाजीचं नाव नाही, त्यामुळे स्कर्व्ही. पाय काळेनिळे पडायचे. मिसूरीच्या काठावरच्या या वस्त्यांत शेकड्यांनी माणसं गेली. ‘मॉर्मन वाटेवरचे मृत्यू’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बर्फातल्या हातगाड्या येतात. वाट सुरू होण्याआधी, एका जागी बसून मेलेल्यांची आठवण कुणाला होत नाही.

आता वाट एकच होती का? नव्हती. पहिल्या गाड्या मिसिसिपी ओलांडत होत्या त्याच दिवशी, ४ फेब्रुवारी १८४६ ला, ‘ब्रुकलिन’ नावाचं जहाज सुमारे २३० मॉर्मनांना घेऊन न्यूयॉर्कहून निघालं, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून जुलैअखेर सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचलं. त्याच वर्षी मेक्सिकोशी युद्ध सुरू झालं होतं. सुमारे ५०० पुरुष सैन्यात भरती होऊन सांता फेमार्गे जानेवारी १८४७ मध्ये सॅन दिएगोपर्यंत पायी गेले. त्यांच्या कपड्यालत्त्याच्या भत्त्यातून इकडे मागे राहिलेल्यांसाठी धान्य आणि गाड्या आल्या. युरोपातून येणाऱ्यांची वाट आणखी वेगळी: लिव्हरपूलला जहाजात चढायचं, न्यू ऑर्लीन्सला उतरायचं, तिथून आगबोटीने मिसिसिपीवर सेंट लुई आणि पुढे. १८४९ पासून चारपाच वर्षं त्या नदीवर पटकीने थैमान घातलं, तेव्हा १८५५ पासून जहाजं न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फियाकडे वळवली. लोक तिथून आगगाडीने जिथवर रूळ असतील तिथवर यायचे. १८५६ मध्ये ते ठिकाण होतं आयोवा सिटी. रूळ पश्चिमेला सरकत गेले तशी चालायची वाट आखडत गेली, म्हणून ‘मॉर्मन वाट किती मैलांची’ याला कुठलं वर्ष ते सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

आपल्याकडचा धागाही आहे, बारीकसा. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला आणि त्याच वर्षी पुण्यात डझनभर लोकांची एक शाखा निघाली. बहुतेक सगळे गोरे, छावणीतले. छावणीच्या अधिकाऱ्यांना हे अजिबात रुचलं नाही. कलकत्त्यात मॅथ्यू मॅक्यून नावाचा तोफखान्यातला एक जण या पंथात आला होता. तो कुटुंबासह जहाजाने न्यूयॉर्कला आणि तिथून १८५७ मध्ये सॉल्ट लेकला पोहोचला. त्याचा कलकत्त्यात जन्मलेला मुलगा आल्फ्रेड पुढे युटात खाणमालक झाला. सॉल्ट लेक सिटीत त्याची हवेली अजून उभी आहे, तुम्हाला वाटेतच पडेल.

आता नदीचा काठ. प्लॅट नदीच्या दक्षिणेने ओरेगॉन-कॅलिफोर्नियाचा रस्ता जात होता. उत्तरेने मॉर्मन गेले, त्याची तीन कारणं सांगता येतात. विंटर क्वार्टर्स मुळात प्लॅटच्या उत्तरेला, तेव्हा दक्षिणेला जायला ती रुंद, वाळूची नदी उगाच ओलांडावी लागली असती. दुसरं, दक्षिण काठावर मिसूरीचे लोक असणार, आणि त्यांच्याशी रोज संध्याकाळी एका विहिरीवर भेटायची कुणाची इच्छा नव्हती. तिसरं मला सगळ्यांत पटतं: चारा. एका काठाने शेकडो गाड्या गेल्या की मागच्यांच्या बैलांना माती उरते. ही वाट मॉर्मनांनी शोधली असं काही जण म्हणतात, ते चूक आहे. फरचे व्यापारी तिथून आधीपासून ये-जा करत होते. पुढे फोर्ट लॅरामीला नदी ओलांडून मॉर्मनही ओरेगॉनच्याच रस्त्याला लागले, आणि फोर्ट ब्रिजरपासून शेवटचा डोंगराळ तुकडा आदल्या वर्षी कॅलिफोर्नियाला निघालेल्या डॉनर-रीड मंडळींनी झाडी तोडून काढलेला होता. त्या लोकांचे दोनअडीच आठवडे त्या तोडणीत गेले आणि तेवढ्याच उशिराने ते पुढे सिएरा नेवाडात बर्फात अडकले. मॉर्मनांनी तोच तुकडा १८४७ मध्ये आठवड्याभरात पार केला. परत पंचांगच.

१८४७ च्या पहिल्या तुकडीत १४३ पुरुष, ३ बायका आणि २ मुलं होती, गाड्या सत्तरच्या वर. एप्रिलमध्ये निघाले. दहा, पन्नास, शंभर अशा गटांवर नायक नेमलेले. रात्री गाड्यांचं रिंगण करून आत जनावरं. या तुकडीतला माझा माणूस म्हणजे विल्यम क्लेटन, हिशेबनीस. रोज किती चाललो यावर संध्याकाळी वाद व्हायचे आणि प्रत्येकाचा अंदाज वेगळा. वैतागून त्याने एका गाडीच्या मागच्या चाकाचा घेर मोजला: १४ फूट ८ इंच. म्हणजे ३६० फेरे झाले की बरोबर ५,२८० फूट, नेमका एक मैल. मग त्याने आऱ्याला लाल फडकं बांधलं आणि दिवसभर चाकाच्या बाजूने चालत फेरे मोजले. ८ मे १८४७, फेरे ४,०७०. अकरा मैल आणि वर थोडं. बाकीच्यांचे अंदाज याहून बरेच जास्त होते. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत मोजणीची साखळी ओढलेली आहे, तेव्हा दिवसभर एका फडक्याकडे बघत चालणं काय असतं ते मला कुणी समजावायला नको. चारेक दिवसांत ऑर्सन प्रॅटच्या आराखड्यावरून ॲपलटन हार्मन या सुताराने लाकडी दात्यांचं यंत्र करून दिलं: चाकाचे सहा फेरे म्हणजे मळसूत्राचा एक, आणि मळसूत्राचे साठ फेरे म्हणजे मोठ्या दातेरी चाकाचा एक, तो झाला मैल. या मोजणीवरून क्लेटनने १८४८ मध्ये सेंट लुईला वाटेची माहिती देणारी पुस्तिका छापली. कुठे ओढा, कुठे चिखल, कुठे पाणी प्यायचं नाही, पुढचा मुक्काम किती मैलांवर. त्यातले आकडे मी आजच्या मोजणीशी काही ठिकाणी ताडून बघितले. लाकडी दात्यांना मी हात जोडतो.

रोजचं जगणं कसं होतं? सरपणापासून सुरुवात करतो, कारण प्लॅटच्या मैदानात झाड नाही. सरपण म्हणजे बायसनच्या रानशेणी. बायका आणि मुलं चालता चालता वेचून पदरात टाकायची. सुरुवातीला नाक मुरडायची, पंधरा दिवसांत चुलीत हाताने सारायची. आपल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही, इंग्लंडच्या गिरणीतून आलेल्या बाईला वाटलं असणार. बहुतेक सगळे चालत. गाडीत सामान, आजारी, अगदी लहान मुलं. नॉव्हू सोडताना पाच माणसांच्या कुटुंबाला काय घ्यायचं याची यादी छापलेली होती: हजार पौंड पीठ, शंभर पौंड साखर, दहा पौंड तांदूळ, दोन पौंड मिरी, पौंडभर दालचिनी, अर्धा पौंड लवंग. बैल चार ते दहा वर्षांचे. प्रत्यक्षात कितींना हे जमलं हा वेगळा प्रश्न, पण ती यादी करणारा माणूस घर चालवलेला होता.

नेब्रास्का संपून हवा कोरडी झाली की चाकांचं दुखणं सुरू व्हायचं. लाकूड आटतं, धाव सैल होते, आरे खुळखुळतात. मग रात्री चाकं ओढ्यात भिजत घालायची, नाहीतर धाव आणि लाकडाच्या फटीत पाचरी ठोकायच्या. बैलांचे खूर झिजून रक्त यायचं, त्यांना पत्री मारायची. इंडिपेंडन्स रॉकच्या आसपास खाऱ्या पाण्याची तळी आहेत, काठावर पांढरा थर. बायका तो थर खरवडून पापडखारासारखा भाकरी फुगवायला वापरायच्या, आणि तेच पाणी प्यायलेले बैल पोट फुगून आडवे व्हायचे. मग त्यांच्या घशात डुकराची चरबी आणि व्हिनेगर ओतायचं. कधी उपयोग व्हायचा.

चढांबद्दल प्रत्येक जण विचारतो. साउथ पास ही खंडाची पाणलोट रेषा, उंची २,२५० मीटरच्या वर, पण बोरघाट चढलेल्या माणसाला ती खिंड वाटतच नाही. कित्येकांना आपण माथा ओलांडला हे पुढचं पाणी पश्चिमेला वाहताना बघून कळलं. गाडीवाटेसाठी याहून चांगली जागा कुणी आखून दिली नसती. खरा त्रास शेवटच्या छत्तीस मैलांत. बैल संपलेले, माणसं संपलेली, आणि तेव्हा वासॅच डोंगर. बिग माउंटनवरून उतरताना चाकं साखळीने जखडून, मागे ओंडका बांधून गाड्या सोडायच्या. १८५० मध्ये पार्ली प्रॅटने शेजारच्या दरीतून टोल घेऊन दुसरा रस्ता काढला; आजचा आय-८० महामार्ग त्याच दरीतून उतरतो. त्याची आखणी उजवी होती, एवढं माझ्या धंद्याच्या वतीने म्हणतो.

धोका कशाचा होता? मूळ रहिवाशांच्या हल्ल्यांचा कमी, भीती मात्र भरपूर. पावनी, लकोटा यांच्याशी गाठी पडल्या, जनावरं गेली, पण माणसं मेली ती पटकीने, हगवणीने, नदीत बुडून, आणि मुलं चाकाखाली येऊन. रेल्वेपूर्वीच्या वीसेक वर्षांत सुमारे ७०,००० लोक या वाटेने गेले. अलीकडे नोंदी तपासून काढलेला मृत्यूंचा अंदाज साडेतीन टक्क्यांच्या आसपास येतो. त्या काळी घरी बसूनही माणसं मरत होती हे लक्षात घेतलं, तर सरासरी वर्ष लोकांना वाटतं तेवढं भयानक नव्हतं.

आता हातगाड्या. १८५५ मध्ये युटात टोळ आणि अवर्षण, गरिबांना आणण्यासाठी काढलेला फंड आटलेला. तेव्हा बैल आणि मोठ्या गाड्या यांचा खर्च वाचवायला हातगाड्यांचा विचार निघाला. पाच माणसांमागे एक गाडी, वीस माणसांमागे एक तंबू, मोठ्या माणसाला १७ पौंड सामान, रोज पौंडभर पीठ. वेडेपणा म्हणता? १८५६ च्या पहिल्या दोन तुकड्या ९ आणि ११ जूनला आयोवा सिटीहून निघाल्या आणि २६ सप्टेंबरला सॉल्ट लेकला पोहोचल्या, बैलगाड्यांपेक्षा चपळाईने. हातगाडीवाल्याला बैल चारायला थांबावं लागत नाही. १८५६ ते १८६० मध्ये दहा तुकड्या गेल्या, सुमारे ३,००० माणसं. आठ तुकड्या कष्टाने पण सुखरूप म्हणाव्या अशा पोहोचल्या.

उरलेल्या दोन विली आणि मार्टिन या नायकांच्या. लिव्हरपूलहून त्यांची जहाजंच मेमध्ये सुटली. आयोवा सिटीत गाड्या तयार नव्हत्या. घाईने ओल्या लाकडाच्या केल्या, त्या पुढे कोरड्या हवेत आटून मोडल्या. विलीची तुकडी १५ जुलैला निघाली, मार्टिनची २८ जुलैला. ऑगस्टमध्ये फ्लॉरेन्सला, म्हणजे जुन्या विंटर क्वार्टर्सपाशी, सभा झाली. वाट माहीत असलेल्यांपैकी लेवाय सॅव्हेज एकटाच उभा राहून म्हणाला, इथेच हिवाळा काढा. ऐकलं नाही. मग तोही बरोबर निघाला. प्रत्येक गाडीवर ९८ पौंडांचं पिठाचं पोतं चढवलं. नेब्रास्कात विलीची तीसेक जनावरं एका रात्रीत उधळून गेली. फोर्ट लॅरामीला अपेक्षित शिधा मिळाला नाही, पीठ कमी केलं. मार्टिनच्या तुकडीने ऑक्टोबरच्या मध्यावर डीअर क्रीकपाशी ओझं हलकं करायला पांघरुणं आणि कपडे जाळले. दोन दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, प्लॅटचं शेवटचं पात्र छातीभर थंड पाण्यातून ओलांडलं आणि बर्फ सुरू झालं.

सॉल्ट लेकला ही माणसं अजून वाटेवर आहेत हे ४ ऑक्टोबरला कळलं. स्मिथनंतरचा मॉर्मनांचा पुढारी ब्रिगम यंग याने दुसऱ्याच दिवशी भाषणात गाड्या, खेचरं, पीठ मागितलं, आणि ७ तारखेला पहिल्या गाड्या निघाल्या. त्या विलीपर्यंत पोहोचल्या तरी रॉकी रिज चढणं बाकी होतं: २३ ऑक्टोबर, बर्फातून पंधराएक मैल, शेवटची माणसं पहाटे मुक्कामाला आली. सकाळी तेरा जणांना एका खड्ड्यात पुरलं, पुरता पुरता आणखी दोघं गेली. दोन्ही तुकड्या मिळून सुमारे हजार-अकराशे माणसं निघाली होती, त्यांतली दोनशेच्या वर वाटेत राहिली. गाडी तीच, वाट तीच. फरक पाच-सात आठवड्यांचा.

१८६१ पासून युटातूनच गाड्या वसंतात पूर्वेला पाठवायची पद्धत पडली. जाताना परतीचं पीठ वाटेत ठेवत जायचं, येताना माणसं आणायची, एका हंगामात दोन हजार मैल. मे १८६९ मध्ये रूळ जोडले गेले, आणि त्याच जूनमध्ये लिव्हरपूलहून निघालेले मॉर्मन महिन्याच्या आत युटातल्या ऑग्डेनच्या फलाटावर उतरले.

तुमच्यासाठी: नॉर्थ प्लॅट गावानंतर आय-८० सोडा आणि २६ नंबरचा रस्ता धरा, चिमनी रॉक, स्कॉट्स ब्लफ, फोर्ट लॅरामी सगळं त्यावर आहे. गर्नसीला वाळूच्या खडकात चाकांनी पुरुषभर खोल कापलेल्या चाकोऱ्या आहेत, तिथे अर्धा तास द्या. कॅस्परहून २२० नंबरने इंडिपेंडन्स रॉक, डेव्हिल्स गेट, मार्टिन्स कोव्ह. पुढे साउथ पासला २८ नंबर. पाणी इंडिपेंडन्स रॉकच्या विश्रांतिस्थळावर भरून घ्या. आणि ऑक्टोबरचा बेत असेल तर सप्टेंबरवर आणा, वाऱ्याने बर्फ उडायला लागलं की २८ नंबर बंद करतात आणि लँडरमध्ये मुक्काम पडतो.